घर बाईच्या नावावर

मी, हरिदास लक्ष्मण गणवीर, वय शहात्तर, रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, बौद्ध धर्मीय, राहणार गुढ़ियारी, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आला तो हे न लिहिण्यासाठी, आणि तो माझ्या मुलाने व मुलीने आणला. दोघांचा माझ्यावर जीव आहे हेही इथेच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्याचा कोणी वाकडा अर्थ काढणार नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

ब्राह्मणपाऱ्यातले माझे वकील यशवंतराव चांदोरकर यांनी छापील नमुना दिला होता. "नावं भरा, सही करा, झालं," म्हणाले. मी भरून पाहिले. कोणाला काय द्यायचे ते त्यात मावले, पण का द्यायचे ते मावेना. म्हणून नमुना बाजूला ठेवून लिहीत आहे. लांबले तर लांबले. कचेरीच्या पायऱ्यांवर मी याहून जास्त वेळ बसलो आहे.

१. घर

गुढ़ियारीतील राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचे न्हाणीघर आणि वरची पत्र्याची खोली, जमिनीसह माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते माझ्या पगारातून आणि माझी पत्नी सत्यभामा हिच्या काटकसरीतून उभे राहिले. सत्यभामा आता नाही. खरे तर हे घर तिच्या नावावर व्हायला हवे होते. तिने एकदा विचारलेही होते, "लोकाइले सांगत फिरता, मंग आपलं कधी?" मी म्हणालो, रिटायर झालो की करू. तिने पुन्हा विचारले नाही आणि मी पुन्हा विषय काढला नाही.

हे घर माझ्या पश्चात माझी मुलगी माया हिला द्यावे. मात्र कलम २ मधले कर्ज आधी फिटले पाहिजे. ते फिटेपर्यंत मायाने घर विकू नये, गहाण टाकू नये, कोणाच्या नावावर करू नये. विकायचेच झाले तर कर्ज फेडण्यासाठीच विकावे आणि उरलेली रक्कम तिने ठेवावी. माया एका खासगी शाळेत मदतनीस आहे. तिच्या पगारातून हे कर्ज फिटणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणजे मी तिला घर देतो आहे आणि त्याच ओळीत तिच्या डोक्यावरचे छप्पर काढायची परवानगीही देतो आहे. मला दुसरा मार्ग सापडला नाही.

२. कर्ज

कारखान्यातला माझा जोडीदार देवीदास याची विधवा कांताबाई हिचे दोन लाख दहा हजार रुपये मी देणे लागतो. देवीदास गेल्यावर तिला मिळालेल्या पैशांतून तिने ते मला दिले. कोर्ट फी, वकील, अपील यांत ते गेले. तिने कागद मागितला नव्हता. मीच लिहून दिला, आणि दर दोन वर्षांनी नवी तारीख घालून पुन्हा सही करून देतो, कारण कर्जालाही मुदत असते आणि ती गुपचूप संपते. कांताबाई दर वेळी म्हणते, "कायले एवढं करून राहिले भाऊ, मी का तुमाले वळखत नाही?" ती ओळखते म्हणूनच करून देतो. मीही एकाला ओळखत होतो.

३. मायाचे पैसे

मायाचा नवरा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात कामावर असताना गेला. लग्नाला सहा वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. भरपाईचे पैसे आले ते तिने माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बाबा, हे मले दिसलं नाही पाहिजे. पन असलं पाहिजे." मी ते माझ्या खात्यात घेतले.

शालिग्राम टेंभुर्णे हे माझे गोंदियाकडचे, माझ्या मामेबहिणीच्या सासरचे. गुढ़ियारीत त्यांचे मालवाहतुकीचे काम होते. नवी राजधानी बांधायला निघाली तेव्हा गिट्टी, रेती, सिमेंट नेणाऱ्या गाड्यांना दम घ्यायला फुरसत नव्हती. ते म्हणाले, "हरिभाऊ, बँकेत ठेवून काय करता? मले द्या, गाडी घेतो, माया आपलीच पोट्टी आहे, दर महिन्याले घरी पैसे आणून देतो." आणि त्यांनी आणून दिले. साडेतीन वर्षे, महिन्याच्या सुरुवातीला, स्वतः येऊन, मायाच्या हातचा चहा पिऊन. त्या काळात मी त्यांना आमच्या बुद्धविहारात पहिल्या रांगेत बसवायचो. मग राजधानीचे रस्ते झाले, मंत्रालय तिकडे गेले, गाड्यांचे काम ओसरले आणि शालिग्रामभाऊंचे येणेही ओसरले. विचारले की म्हणायचे, "थोडं थांबा. घराचं काम आटपलं की गाड्या विकतो."

ते घर म्हणजे नव्या रायपूरच्या रस्त्यावर त्यांनी बांधायला घेतलेले दुमजली घर. मायाचे पैसे गाडीत गेले की त्या घराच्या विटांत गेले, हे मी सांगू शकत नाही. मायाचे म्हणणे विटांत गेले.

४. गृहप्रवेश

इथे मला थोडे स्वतःबद्दल लिहावे लागते.

मी आमच्या विहाराचा बौद्धाचार्य. लग्न लावायचे, नाव ठेवायचे, गृहप्रवेशाला परित्राण पाठ करायचा, माणूस गेला तर वंदना घ्यायची, ही कामे मी कारखान्याची पाळी सांभाळून तीस वर्षे केली. दक्षिणा कधी घेतली नाही. घेतला तो फक्त एक हक्क: पाठ संपला की चार शब्द बोलायचे. ते चार शब्द सगळ्या रायपूरच्या समाजाला पाठ झाले होते. घर बाईच्या नावावर करा. आपल्या आयाबहिणींनी डोक्यावर विटा वाहिल्या आणि कागदावर नाव पुरुषाचे, हे आपल्या समाजाला शोभत नाही. घर बाईच्या नावावर करा. पोरे मागे बसून माझ्या आधी हे वाक्य म्हणायची आणि हसायची. मी चिडायचो नाही. सतरा घरे तरी माझ्या बोलण्याने बायकांच्या नावावर झाली असतील, आणि त्याचा मला अभिमान होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही, हेही खरे.

शालिग्रामभाऊंनी गृहप्रवेशाला मलाच बोलावले. बुद्धपौर्णिमेचा दिवस होता, सन दोन हजार तेरा. माया यायला तयार नव्हती. "बाबा, त्यांनी आपले पैसे द्यायचे बाकी आणि आपणच पांढरं घालून त्यांच्याकडे जायचं?" मी म्हणालो, मंगल कार्य आहे, तिथे व्यवहार काढायचा नसतो, आणि मी नाही गेलो तर दुसरा कोण पाठ करणार? ती आली. शेवटच्या खुर्चीवर बसली.

पाठ झाला. सूत बांधून झाले. मी बोलायला उभा राहणार तोच शालिग्रामभाऊ जवळ आले आणि कानात म्हणाले, "हरिभाऊ, तुमचं ऐकलं बरं का मी. घर सोनियाच्या नावावर केलं. दानपत्र करून टाकलं." सोनिया म्हणजे त्यांची सून, त्यांच्या परागची बायको. लाजरी मुलगी, तिने त्या दिवशी सगळ्यांना स्वतः पाणी दिले.

मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मी माईक हातात घेतला. म्हणालो, ही वास्तू आयुष्मती सोनिया पराग टेंभुर्णे यांच्या मालकीची आहे. लोक बायकोच्या नावावर करायला कचरतात, शालिग्रामभाऊंनी सुनेच्या नावावर केले. यांचा आदर्श घ्या. टाळ्या वाजवा. सगळ्यांनी वाजवल्या. सगळ्यांत मोठी माझी होती, माईक हातात असल्यामुळे.

परत येताना रिक्षात माया म्हणाली, "बाबा, आता आपले पैसे कोनाकडून मागायचे?"

मी म्हणालो, "शालिग्रामभाऊकडून. घर दिलं तिला, शब्द तर त्यांचाच आहे ना."

५. मुदत

पुढच्या वर्षापर्यंत त्यांनी फोन उचलणेही सोडले. मग मी चांदोरकर वकिलांमार्फत पैशाचा दावा लावला. वकील म्हणाले, "आधी डिक्री घेऊ, मग वसुलीचं पाहू. घाई नको." मीही घाई केली नाही. तारखांना जात राहिलो. न्यायाधीश बदलले, शालिग्रामभाऊंचे वकील आजारी पडले, मध्ये उन्हाळ्याच्या सुट्या आल्या. सन दोन हजार सतरामध्ये माझ्या बाजूने डिक्री झाली. मी पेढे वाटले. माझ्या आयुष्यात ते एवढेच पेढे असतील ज्यांचे पैसे मला अजून खुपतात.

डिक्री घेऊन बेलीफ त्या दुमजली घरावर गेला आणि तसाच परत आला. घर शालिग्रामचे नाही, सुनेचे. गाड्या केव्हाच विकलेल्या. खात्यात चहापुरते पैसे. मोबाईलसुद्धा परागच्या नावावर. मी चांदोरकरांना म्हणालो, या माणसाच्या अंगावरचा शर्टही बहुधा सुनेच्या नावावर निघेल. ते हसले. मला हसायला आले नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की ज्यांचे देणे आहे त्यांना बुडवण्यासाठी केलेले असे हस्तांतरण कोर्टाकडून रद्द करून घेता येते. पूर्वीपासून येते. डिक्री हातात नसतानाही येते. फक्त कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. आम्ही लावला. आता कळले म्हणून लावला.

समोरचा वकील तरुण होता, फार नम्र. त्याने मला पिंजऱ्यात बसायला खुर्ची मागवली. मग लॅपटॉप उघडला आणि गृहप्रवेशाची चित्रफीत लावली. सगळ्या कोर्टाने माझा आवाज ऐकला. ही वास्तू आयुष्मती सोनिया पराग टेंभुर्णे यांच्या मालकीची आहे. यांचा आदर्श घ्या. टाळ्या. कोर्टाचा कारकूनसुद्धा मान वर करून पाहायला लागला.

न्यायाधीश साहेबांनी विचारले, "ये आवाज़ आपकी है?"

"हव," मी म्हणालो.

"तो आपको उसी दिन मालूम था कि मकान बहू के नाम हो गया है?"

"हव."

"और ये भी मालूम था कि इनसे आपको पैसा लेना है?"

"हव साहेब. लेकिन मुझे खुशी हुई थी."

साहेबांना ते समजले नसावे. मला जे सांगायचे होते ते हिंदीत नीट जमले नाही, आणि मराठीत जमले असते की नाही याचीही खात्री नाही. म्हणून इथे लिहितो. घर दिले हे मला कळले होते. ते मला बुडवण्यासाठी दिले हे कळले नव्हते. मला वाटले माझ्या तीस वर्षांच्या बोलण्याचे फळ आले. आपल्याच शिकवणीचे कौतुक करणाऱ्या माणसाला त्याच क्षणी फसवणूक कळली, असे कसे म्हणता येईल? आनंदाच्या दिवसापासून फसवणुकीची मुदत कशी मोजता येईल?

निकालात लिहिले आहे की हस्तांतरण माहीत होते, देणे माहीत होते, एवढे माहीत असणाऱ्या शहाण्या माणसाला आणखी काय कळायचे बाकी होते? मुदत बुद्धपौर्णिमेपासून मोजली. म्हणजे मी पैशाच्या दाव्याच्या तारखांना जाऊन बाकावर बसत होतो, बाहेर भुईमुगाची फल्ली खात होतो, त्याच दिवसांत दुसऱ्या दाव्याची मुदत संपत होती. एका हाताने मी दार ठोठावत होतो आणि दुसरे दार मागे बंद झाले. अपीलही गेले. तिथे कांताबाईचे पैसे गेले.

निकालात आणखी एक गोष्ट आहे जी कोणी वाचत नाही. घर खरोखर कशासाठी दिले, यावर कोर्टाने काहीच म्हटलेले नाही. मुदत संपल्यावर तो प्रश्न उरतच नाही म्हणे. शालिग्राम टेंभुर्णे यांनी मला फसवले, असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. या कागदावर मी लिहितो.

६. डिक्री

सन दोन हजार सतराची ती डिक्री माझ्या मालमत्तेत मोडते असे वकील सांगतात. ती मी मायाला देतो. तिची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते, म्हणजे दोन हजार एकोणतीसपर्यंत. तोपर्यंत शालिग्रामभाऊंच्या नावावर काही आले, लॉटरी लागली किंवा कोणी आडवळणाच्या काकाने शेत ठेवले, तर मायाने अर्ज करावा. काही आले नाही तर करू नये. वाट पाहण्यात तिचे आयुष्य घालवू नये. हे मी लिहितो खरे, पण वाट पाहू नको म्हणून माणूस वाट पाहायचा थांबतो असे मला कुठे दिसलेले नाही.

सोनियाचा यात काही दोष आहे असे मला वाटत नाही. तिने दानपत्रावर सही केली तेव्हा तीही खूश होती. गेल्या वर्षी बाजारात भेटली, पाया पडली, म्हणाली, "काका, मला काही माहीत नव्हतं हो." मी म्हणालो, मलाही नव्हतं. दोघेही काही वेळ भाजीकडे पाहत उभे राहिलो.

७. बाकीच्या वस्तू

माझे पाने, छिन्न्या, हातोडे, लोखंडी शिकंजा आणि मापाची पट्टी मुलगा यशदीप याला द्यावी. तो नव्या रायपूरला एका सरकारी खात्यात संगणकावर बसतो आणि त्याला यातले एकही अवजार धरता येत नाही. तरी द्यावीत. शिकंजा गंजू देऊ नये, महिन्यातून एकदा तेलाचे बोट फिरवावे, एवढे तर संगणकवाल्याला जमेल.

सायकल विहाराच्या रखवालदाराला. पांढरे सदरे ज्यांना बसतील त्यांना. वंदनेचे ताट, पितळी तांब्या, मेणबत्तीची बैठक आणि माईक विहाराला. माईक जो कोणी घेईल त्याने पाठ करावा, मंगल मैत्री द्यावी आणि घर कोणाच्या नावावर आहे हे जाहीर करू नये. घर बाईच्या नावावर करा हे मात्र सांगत राहावे. ते म्हणणे चुकीचे नव्हते. ते मी शेवटपर्यंत मागे घेणार नाही.

८. राग

विहाराच्या समितीने त्या वेळी मला सांगितले की समाजातले भांडण कोर्टात नेऊन मी समाजाची शोभा केली. चौदा एप्रिलला शालिग्रामभाऊ अजूनही पहिल्या रांगेत बसतात आणि मला दुसऱ्या रांगेत जागा धरून ठेवतात. समितीने माझ्या शोकसभेचा खर्च करू नये.

शालिग्रामभाऊ शोकसभेला येतील. नक्की येतील, त्यांना असल्या ठिकाणी जायची हौस आहे. त्यांना येऊ द्यावे, बसू द्यावे, चहा द्यावा. बोलू देऊ नये. मी स्वतः त्यांचे भाषण माईकवर ऐकू शकणार नाही, पण माया ऐकेल.

वकील चांदोरकरांनी मला विनंती केली होती की त्यांच्याबद्दल राग नाही असे एक वाक्य घालावे. ते मी घालत नाही. घाई नको हे त्यांचे शब्द आहेत. ते माणूस म्हणून चांगले आहेत, अपिलाची फी त्यांनी निम्मी घेतली, आणि या लेखावर साक्षीदार म्हणून सही करायलाही तयार झाले आहेत. सही करण्याआधी हे कलम त्यांनी वाचावे.

पंचशील तीस वर्षे लोकांकडून म्हणवून घेतले. मैत्री भावना म्हणताना आजही डोळे मिटले की सगळ्या प्राण्यांची नावे येतात आणि शालिग्रामभाऊंपाशी गाडी थांबते. मी पुष्कळ प्रयत्न केला. जमले नाही.

९. दानपत्र न करण्याबद्दल

हे कलम मायासाठी आहे. बाकीच्यांनी वाचले तरी हरकत नाही.

या दिवाळीच्या सुटीत यशदीप आला होता. जेवण झाल्यावर म्हणाला, "पापा, सीधी बात है. वसीयत मत करो. मकान अभी दीदी के नाम गिफ्ट कर दो. वसीयत करोगे तो कांताबाई का कर्ज़ा मकान के पीछे लगेगा. गिफ्ट कर दिया तो आपके नाम कुछ बचा ही नहीं. वो क्या कर लेगी?"

मी म्हणालो, "ती कोर्टात जाईल."

"उसको कौन बताएगा? और वो कोर्ट जाएगी? तीन साल निकल गए तो बात ख़त्म." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आप ही के केस में सीखा हूँ, पापा."

मी मायाकडे पाहिले. मला वाटले ती त्याला रागावेल. ती ताटे गोळा करत होती. तिने ती खाली ठेवली नाहीत. म्हणाली, "करून टाका ना बाबा. तीन वर्षंच तर काढाची आहेत. आपन नाही का काढली?"

त्या रात्रीपासून मी तिच्याशी या विषयावर बोललेलो नाही. रागावलो म्हणून नाही. ती दुष्ट नाही. कांताबाई आजारी होती तेव्हा पंधरा दिवस हिनेच तिला डबा नेऊन दिला. पण नवरा गेला, पैसे गेले, दहा वर्षे बाप कोर्टातून रिकाम्या हाताने घरी येताना पाहिला. आता एवढे एक घर आहे, आणि ते वाचवायचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. आमच्याच घरातून तो गेला. मी तिच्या जागी असतो तर मीही ताटे खाली ठेवली नसती.

मी त्या आठवड्यात नोंदणी कार्यालयापर्यंत गेलो, हेही लिहून ठेवतो. बाहेर टंकलेखन करणाऱ्याने विचारले, "काका, दानपत्र? बेटी के नाम? बहुत अच्छा काम है." मलाही वाटले बहुत अच्छा काम है. घर बाईच्या नावावर. तीस वर्षे मी दुसरे काय सांगत होतो? शालिग्रामभाऊंनाही त्या दिवशी असाच कोणी भेटला असेल. मग मला वाटले, उद्या कोणी कांताबाईला सांगेल, हरिभाऊने घर मुलीच्या नावावर केले, आणि ती खूश होईल. ती नक्की खूश होईल. माझी सभा झाली की पहिल्या रांगेत बसून टाळी वाजवणारी ती बाई आहे. आणि त्या टाळीपासून तिची मुदत मोजली जाईल.

मी तसाच परतलो. गुडघ्यांनी रिक्षापर्यंत फार त्रास दिला.

माया, मी तुझे पैसे घालवले आणि आता घरही पूर्ण देत नाही. मला तुझ्यासाठी लबाडी करता आली असती तर बरे झाले असते, असे मला रोज वाटते. जमत नाही. याला चांगुलपणा म्हणू नकोस. चांगुलपणा म्हणून केलेले मला एकदा फार महाग पडले आहे. एवढेच, की कांताबाई माझ्यासमोर येऊन पाणी मागेल आणि मला तिच्याकडे पाहता येणार नाही, याची मला तुझ्या बेघर होण्याहूनही जास्त भीती वाटते. हे बापाने लिहायचे वाक्य नाही. लिहिले.

१०. अंमलबजावणी आणि वाचन

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मायानेच करावी. तिच्याविरुद्ध जाणारे कलमही तिनेच पाळावे, दुसऱ्या कोणावर मी विसंबू शकत नाही.

साक्षीदार म्हणून मी कांताबाईला बोलावले आहे. वकील म्हणाले, जिचे देणे आहे तिलाच साक्षीदार कशाला करता, बाहेरचा माणूस घ्या. पण तिला या लेखातून बक्षीस काही मिळत नाही, फक्त तिचे तिला मिळते, आणि मला ती इथे बसलेली हवी होती. घर कोणाला दिले, का दिले, तिचा हक्क त्यावर किती, हे सगळे तिला माझ्या तोंडून, माझ्या जिवंतपणी कळावे. उद्या कोणत्याही कोर्टात कोणी विचारले की कांताबाईला केव्हा कळले, तर उत्तर या कागदाच्या खाली तारखेसह असेल.

आज वरचे सर्व मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. माया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कलम ९ वाचायला लागलो तेव्हा माया पुढे आली, तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेले तिने वाचले, स्वतःचे बोलणेसुद्धा, जसे लिहिले आहे तसे. वाचून झाल्यावर ती चहा करायला गेली.

मग कांताबाईने विचारले, "म्हणजे माहे पैसे कधी भेटतीन भाऊ?"

मी म्हणालो, "मी गेल्यावर."

तिने पेन हातात घेतले, कागदावर टेकवले आणि थांबली.

"नातवाले कॉलेजात टाकाचं आहे पुढच्या साली," ती म्हणाली. "आता तुमाले लय जगा म्हनू का नको म्हनू?"

आतून कपांचा आवाज येत होता, तोही थांबला. कांताबाईने सही केली.

हा लेख मी वाचला, ऐकवला, आणि त्यातला शब्दन् शब्द माझा आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या देखत, आणि त्यांनी माझ्या देखत, खाली सह्या केल्या आहेत.

लिहून देणार:
हरिदास लक्ष्मण गणवीर (सही)

साक्षीदार:
१. कांताबाई देवीदास रंगारी, गुढ़ियारी, रायपूर (सही). मला आज कळले.
२. यशवंतराव चांदोरकर, वकील, ब्राह्मणपारा, रायपूर (सही). कलम ८ वाचले.

ठिकाण: रायपूर
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२४